कळीचे टाळकरी

टाळ पहिल्यांदा वाजला तो वाजलाच नाही. ‘खण्ण’ व्हायला हवं होतं, तिथं ‘ठप्प’ झालं, पाटावर वाटी पालथी घातल्यासारखं.

आषाढी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मंडळाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही चौघं होतो: मेस्त्री, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली त्यांची भाची, वारीहून नुकतेच परतलेले आमच्या पेठेतले भजनी बुवा आणि वही घेऊन बसलेला मी. वर पाऊस एवढा की एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागत होतं. यंदाचा देखावा भजनाचा ठरला होता. सात बाहुले, त्यांत चार टाळकरी, एक पखवाजी, एक चिपळीवाला आणि मधोमध विणेकरी. इथवर काही विशेष नाही. पुण्यात हलते देखावे म्हणजे गल्लीगल्लीत. पण भाचीनं एक अट घातली आणि मेस्त्री त्या अटीत अडकले. स्पीकरवर भजन लावून बाहुल्यांचे हात नुसते हलवायचे नाहीत. वाद्यं खरी हवीत, आणि आवाजही त्या वाद्यांतूनच निघायला हवा.

वीणेवर आम्ही पहिल्याच दिवशी पाणी सोडलं. आमचा विणेकरी शेवटपर्यंत नुसती मान डोलावत राहिला. बुवा म्हणाले, “चालतंय की. आमच्यातही आहेत तसे.”

टेबलावर लाकडी चौकट होती. तिच्यात एक काशाचा टाळ त्याच्याच दोरीनं टांगलेला. बोल्ट घालून आवळला असता तर धातूचा गळाच दाबला गेला असता, हे बुवांनी आधीच बजावलं होतं. समोर दुसरा टाळ पीव्हीसी पाइपाच्या हाताला बांधलेला, आणि त्या हाताच्या मुळाशी इलेक्ट्रॉनिक कुलपातून काढलेलं सोलेनॉइड. हे प्रकरण तसं साधं असतं. तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि त्यात सरकणारा लोखंडी दांडा. वीज दिली की दांडा आत खेचला जातो, तोडली की स्प्रिंग त्याला परत पाठवते. वीज कधी द्यायची नि कधी तोडायची हे आर्डुइनो नावाचा तळहाताएवढा बोर्ड ठरवतो. 2005 साली इटलीतल्या इव्रेया गावी विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला हा बोर्ड आज तपकीर गल्लीत वडापावच्या गाडीइतका सहज सापडतो. त्याच्या एका पिनेतून पाच व्होल्टला वीसेक मिलीअँपिअरच सुखानं मिळतात, सोलेनॉइड मागतं अँपिअरभर. म्हणून मध्ये मॉसफेट बसवायचा. बोर्डानं त्याला नुसता इशारा करायचा, ओझं त्यानं वाहायचं.

भाचीनं वीज द्यायची वेळ 80 मिलिसेकंद ठेवली होती, म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. माणसाला हे काहीच वाटत नाही. टाळाला मात्र तेवढ्यात हात लागून वर दाबून धरल्यासारखं होत होतं. टाळ टाळावर आदळला, पण मागे आला नाही. नाद उमटायच्या आत त्यानंच तो पुसून टाकला.

तिनं आकडा 30 वर आणला. खण्ण! शेडमध्ये कुणीतरी “पुंडलिक वरदे” म्हणायचं तेवढं बाकी राहिलं. तिनं तो 80 चा आकडा खोडायला घेतला, तेव्हा बुवा पुढे झाले.

“तो कशाला काढतेस? तो दाबलेला ठोका आहे, बाळ. तोपण लागतो.”

त्यांनी खिशातून स्वतःचे टाळ काढून दाखवलं. एक खुला, एक दाबलेला, दोन खुले. भजनाच्या ठेक्याला जो हेलकावा असतो तो यातूनच येतो. सगळेच ठोके खुले ठेवले तर नुसता गलका. आमची चूक होती ती अर्धी कला निघाली. त्या रात्री वहीत मी एकच ओळ लिहिली: 30 खुला, 80 बंद.

पुढचे पाच आठवडे त्या ओळीभोवतीच गेले असं म्हटलं तरी चालेल. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की यंत्राला वाजवायला शिकवणं म्हणजे मारायला शिकवणं. मारणं सोपं असतं. वेळेवर हात काढून घेणं हेच अवघड. विजेलासुद्धा ते जमत नाही. वेटोळ्यातला प्रवाह तोडला की त्यातलं चुंबकत्व एकदम ढासळतं आणि उलट्या दिशेनं व्होल्टेजचा फटका मारतं. पहिल्या दोन दिवसांत आमचे दोन मॉसफेट असेच गेले, आवाज न करता. उपाय प्रत्येक पुस्तकात असतो: वेटोळ्याला समांतर एक डायोड उलटा लावा, म्हणजे तो फटका आतल्या आत फिरून विरतो. लावला. मॉसफेट वाचले, पण टाळ पुन्हा चिकटायला लागला! कारण तो प्रवाह आतल्या आत फिरत असतो तेवढा वेळ दांडाही धरलेलाच राहतो. शेवटी डायोडच्या जोडीला एक झेनर डायोड घातला, त्यामुळे प्रवाह लवकर संपला आणि टाळ सुटला. भाचीच्या भाषेत हे ‘रिलीज टाइम’. बुवांच्या भाषेत, “आता त्याला हात सोडता यायला लागला.”

मराठीत यंत्राच्या खटक्याला कळ म्हणतात, आणि ‘जरा कळ काढ’ म्हणजे थोडं थांब. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्यांमध्ये ही कळ दोऱ्याच्या टोकाला, माणसाच्या बोटात असते. आमच्याकडे ती पत्र्याच्या शेडमध्ये, सोल्डरच्या धुरात.

मेस्त्रींविषयी सांगायला हवं. ते मूळ सुतार, पण गेली कित्येक वर्षं भाद्रपदाच्या आधीचे दोन महिने त्यांचा सगळा जीव देखाव्यात. त्यांचा मुख्य ऐवज म्हणजे गाड्यांच्या वायपरच्या मोटरी. टेम्पो, ॲम्बेसेडर, जुन्या फियाट. रविवारी नाहीतर बुधवारी जुन्या बाजारात जाऊन ते त्या हातानं फिरवून, कानाला लावून घेतात. बाहुल्याला ही मोटर इतकी का मानवते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. एक तर बारा व्होल्टवर चालते, म्हणजे पावसात भिजलेल्या मांडवात शॉक लागायची भीती कमी. दुसरं, आत वर्म गिअर असल्यानं फिरते सावकाश पण ओढते दणकून. आणि तिसरं, खरं रहस्य. वायपरचं बटण बंद केलं तरी काच मधेच अर्धवट पुसून पातं थांबत नाही, ते आपल्या जागी खाली जाऊनच निजतं. मोटरीच्या आत एक चकती आणि संपर्काची पट्टी असते, ती मोटरीला घरी पोचेपर्यंत वीज देत राहते. त्यामुळे मेस्त्रींचा कुठलाही बाहुला कधीही बंद केला तरी हात हवेत लोंबकळत राहत नाही. नमस्कारात सुरू, नमस्कारात बंद.

“आधी मान, मग हात,” हा त्यांचा दुसरा नियम. बाहुल्याचा हात एकदम उचललात तर लोक मोटर बघतात. आधी मान किंचित वळली, नजर हाताकडे गेली आणि मग हात उठला, तर लोक माणूस बघतात. हे का, असं विचारलं तर ते हसतात. आणि खोलात शिरलं तर म्हणतात, “सगळंच सांगितलं तर उद्या पुढच्या गल्लीतले करतील.”

धारच्या राजा भोजाची आठवण झाली. अकराव्या शतकातल्या त्याच्या ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथात यंत्रांवर एक अख्खा अध्याय आहे. नाचणाऱ्या, वाद्यं वाजवणाऱ्या यंत्रबाहुल्या त्यात आहेत, पण त्या बांधायच्या कशा, हे मात्र पुरतं सांगितलेलं नाही. वर खुलासा असा, की ही घडण गुप्त राहावी म्हणून सांगितली नाही, माहीत नाही म्हणून नव्हे. राजा आणि मेस्त्री, दोघांचा धंदा एकच.

आमच्या मंडळाचा जुना हलता देखावा ज्यावर चालायचा ती चीज मेस्त्रींनी अजून जपून ठेवली आहे. हातभर लांबीचा सागवानी रूळ. त्याच्या अंगावर कमी-जास्त लांबीच्या तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, आणि वर ओळीनं पितळी पात्या टेकलेल्या. एक छोटी मोटर रूळ सावकाश फिरवते. पातीखाली पट्टी आली की तिला जोडलेली मोटर किंवा दिवा चालू, लाकूड आलं की बंद. पट्टी लांब तर कृती लांब. मी लहानपणी मांडवाच्या मागे वाकून हा रूळ बघत बसायचो. पात्यांखाली निळ्या ठिणग्या उडायच्या, ओझोनचा तो विशिष्ट वास यायचा, आणि पुढे अफझलखान ठरल्या क्षणी पडायचा. पावसाची झड आत आली की पट्ट्यांवर हिरवट गंज चढायचा आणि खान पडायचा विसरायचा. मग आरडाओरडा, सँडपेपर आणि पुन्हा खेळ.

हा रूळ फार जुन्या घराण्यातला आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा नावाच्या तीन भावांनी आपोआप वाजणाऱ्या बासरीच्या यंत्राचं वर्णन करून ठेवलं, त्यात पाण्याच्या जोरावर फिरणारा, खुंट्या ठोकलेला रूळच आहे. खुंटीची जागा बदला, सूर बदलेल. जगातलं हे जवळपास पहिलं ‘प्रोग्रॅम’ करता येणारं यंत्र म्हणून अभियंते त्याच्याकडे बोट दाखवतात. पुढे संगीतपेट्यांत, मनोऱ्यांवरच्या घंटांत तोच रूळ आला. मुंबईच्या राजाबाई टॉवरवर इंग्रजी अमदानीत 16 धून वाजत, दिवसातून चार वेळा धून बदले. पुढे रूळ उलगडून त्याचा कागद झाला, भोकं पाडलेला आणि गुंडाळता येणारा. आपोआप वाजणाऱ्या पियानोंच्या कारखानदारांनी 1908 साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात जमून ठरवलं, की कागद सव्वाअकरा इंच रुंद असावा आणि इंचात नऊ भोकं बसावीत, म्हणजे कुणाचाही कागद कुणाच्याही पियानोवर चालेल. हाच तह 1983 साली इलेक्ट्रॉनिक वाद्यवाल्यांनी मिडी या नावानं पुन्हा केला. तेव्हापासून खुंट्यांची जागा आकड्यांनी घेतली. बाकी गोष्ट तीच.

भाचीला हे सांगितल्यावर तिनं चौकडीच्या वहीचं एक पान माझ्यापुढे टाकलं. आडव्या ओळी सहा, एकेका वाद्याला एकेक. उभे रकाने बत्तीस. धुमाळीच्या आठ मात्रा, प्रत्येकीचे चार भाग. जिथं ठोका तिथं टिंब, दाबलेल्या ठोक्याला फुली. सागवानी रूळ कापून जमिनीवर पसरला तर हेच दिसलं असतं. गंमत म्हणजे बुवांना संगणक उघडता येत नाही, पण हे पान त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि पेन्सिल मागून घेतली. सहाव्या मात्रेतली दोन टिंबं पुसली. “इथं श्वास घेऊ दे.”

यंत्राच्या श्वासावरून स्वित्झर्लंडमधल्या नॉशातेलच्या संग्रहालयातली वादिका सांगायलाच हवी. घड्याळजी पिएर जाके-द्रो, त्याचा मुलगा आणि त्यांचा सहकारी लेशो यांनी 1768 ते 1774 या वर्षांत तीन यंत्रबाहुल्या घडवल्या. एक लिहितो, एक चित्र काढतो आणि तिसरी ऑर्गन वाजवते. ही खरोखर आपल्या बोटांनी पट्ट्या दाबते, आत लपवलेली संगीतपेटी नाही. पण बघणाऱ्याला घायाळ करतात ती तिची बोटं नव्हेत. तिची छाती वरखाली होते. नजर हाताच्या मागे जाते. वादन संपल्यावर ती वाकून अभिवादन करते. त्या श्वासाचा संगीताशी काडीचा संबंध नाही, तरी त्यासाठी वेगळी यंत्रणा बसवलेली आहे. मेस्त्रींना मी तिचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला, आणि एवढंच म्हणाले, “आधी मान.”

मराठवाड्यातल्या लोकांना हा अनुभव घेण्यासाठी स्वित्झर्लंडला जायची गरज नाही. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातलं ते घड्याळ आठवा. तास भरायला तीन मिनिटं असताना एक छोटा दाढीवाला दार उघडून बाहेर येतो, तासाचे टोले देतो आणि आत जातो. शेजारी एक लोहार सेकंदासेकंदाला घण घालत असतो, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. एवढ्याशा बुटक्यासाठी माणसं बाकांवर जागा धरून बसतात, बाराच्या टोल्यांना तर चेंगराचेंगरी. लोहार अखंड राबतो आणि दाढीवाला तासातून एकदाच येतो, म्हणून कौतुक दाढीवाल्याचं. आमच्या सातांपैकी चिपळीवाल्याला आम्ही मुद्दाम कमी काम दिलं ते यावरून. पूर्ण आवर्तनात तो दोनदाच वाजवतो. मांडवात पोरं त्याच्याच पुढे उभी असत.

पखवाजानं मात्र आमचा अंत पाहिला. डाव्या पुडीला कणीक लावावी लागते, ती वाळते, दर संध्याकाळी माणसानंच मळून थापायची. यंत्राचा त्यात काही उपयोग नाही. उजवीकडे मारायला आधी रबराचं टोक लावलं, आवाज मेला. लाकूड लावलं, तर शाईवर ओरखडे. शेवटी मेस्त्रींनी जुन्या कोल्हापुरी चपलेचं चामडं तीन पदरी शिवून बोटाच्या टोकाएवढं बसवलं आणि पखवाज बोलला. 1738 साली पॅरिसमध्ये वोकांसॉन नावाच्या कारागिराचा बासरीवाला बाहुला असाच अडला होता. लाकडी बोटांनी भोकं नीट मिटत नव्हती, त्यानं बोटांना कातडं चढवलं. मेस्त्रींनी वोकांसॉनचं नाव ऐकलेलं नाही, आणि ऐकायची काही गरजही दिसत नाही.

शिवाय हात जड. टाळाचा हात हुकूम मिळाल्यापासून 25 मिलिसेकंदांत पोचतो, पखवाजाचा 70 घेतो. भाचीनं हे मोबाइलच्या स्लो मोशननं मोजलं. सेकंदाला 240 चित्रं, पखवाजाला सतरा चित्रं लागली, टाळाला सहा. म्हणजे दोघांना एकाच वेळी हुकूम दिला तर पखवाजी कायमचा मागे. त्याचा हुकूम आधी सोडावा लागतो. खरा पखवाजी तरी दुसरं काय करतो, सम यायच्या आधीच त्याचा हात उठलेला असतो. तिचा पहिला प्रोग्रॅम तर आणखी भोळा होता. एका वाद्याला ‘थांब’ म्हटलं की अख्खा बोर्डच थांबायचा, कारण ‘डिले’ ही आज्ञा सगळ्यांनाच कुलूप लावते. मग तिनं घड्याळ बघत राहणारा प्रोग्रॅम लिहिला: आत्ता किती वाजले, कुणाची वेळ झाली, त्याला सोड, पुढच्याकडे बघ.

हे सगळं चोख जमलं आणि ऐकायला कंटाळवाणं झालं. तेव्हा तिनं प्रत्येक ठोक्यात थोडी यदृच्छा मिसळली, पाच-दहा मिलिसेकंद इकडे-तिकडे. बुवांनी मिनिटभर ऐकून तोंड वाकडं केलं. “आता तर हे पिऊन आल्यासारखे वाजवतायत.” माणूस चुकतो तो कसाही नाही चुकत. समेकडे जाताना किंचित ओढतो, सम गाठल्यावर सैल पडतो, आणि सगळे मिळून ओढतात. अजय कपूर या संशोधकानं सोलेनॉइडवर चालणारा, भारतीय तालवाद्यं वाजवणारा ‘महादेवीबॉट’ नावाचा बारा हातांचा यंत्रवादक केला, तो माणसाच्या सोबत वाजवण्यासाठीच. गिटारवादक पॅट मेथेनी 2010 च्या सुमाराला असाच यंत्रवाद्यांचा ताफा घेऊन जगभर फिरला. दोघांनाही मधे एक जिवंत माणूस लागलाच.

याच्या उलट नमुना बघायचा तर आपल्या देवळांतला विजेवरचा नगारा. खटका दाबला की नगारा, झांज, घंटा एकदम सुरू. गावी तरुण पोरं नाहीत, आरतीला चार म्हाताऱ्या, त्यामुळे ते यंत्र का आलं ते कळतं आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्यातली मोटर तिच्या ठरल्या फेऱ्यांनीच फिरते. शंकराची आरती संथ, शेवटी लोटांगणाला लय चढते, हे तिला कुणी सांगायचं? मग माणसंच टाळ्या तिच्या मागे धाववतात.

बुवांची अट म्हणून आमच्या यंत्राला पायटा आला. शिवणयंत्राचा जुना पायटा पाटाखाली. बुवा पायानं मात्रा देतात, बोर्ड शेवटच्या चार मात्रांची सरासरी काढून लय धरतो. दोन सेकंद मात्रा आली नाही तर आवर्तन पुरं करून सगळे थांबतात, हात घरी जातात.

गणपती बसले त्या संध्याकाळी पहिल्याच आरतीत बुवांना ठसका लागला. पाय सुटला. सातही वारकरी समेवर येऊन थांबले, हात खाली आले. माना मात्र डोलत राहिल्या, कारण त्या वेगळ्या मोटरीवर. समोरच्या गर्दीतही कुणी बोललं नाही. बुवांनी पाणी प्यायलं, पाय टेकवला, आणि टाळ वाजले. लोकांना तो देखाव्याचाच भाग वाटला. दुसऱ्या दिवशी दोन जण येऊन विचारून गेले, तो ठसक्याचा भाग किती वाजता असतो.

अनंत चतुर्दशीनंतर तीन दिवसांनी शेडमध्ये सामान उतरवलं. मोटरी गोणपाटात, बोर्ड भाचीच्या डब्यात, बाहुले उभेच्या उभे कपाटामागे. टाळ भजनी मंडळाचे, ते परत द्यायचे होते. बुवांनी एकेक जोडी उजेडात धरून बघितली. तिसऱ्या टाळाच्या कडेला, जिथं ठोका पुन्हा पुन्हा त्याच जागी बसला होता, तिथं तांदळाएवढा चकचकीत खड्डा पडला होता. माणसाच्या टाळाला असा खड्डा पडत नाही, ठोका दर वेळी थोडा सरकतो. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, टाळ एकदा वाजवून कानाशी धरला.

“नाद आहे,” ते म्हणाले, आणि भाचीकडे वळले. “पण पुढच्या वर्षी त्याला टाळ जरा फिरवत वाजवायला शिकव.”

तिनं वही काढली होती.